आकडी आली तेव्हा घड्याळ बघा

आषाढातली रात्र होती, बाहेर पाऊस कोसळत होता. धाकटी बहीण लेकीला घेऊन माहेरी आली होती. भाची तेव्हा सव्वा वर्षाची. दुपारपासून तिचं नाक वाहत होतं, दिवेलागणीला अंग कोमट लागलं, आणि रात्री साडेदहाच्या सुमाराला आई म्हणाली, "हातपाय गार पडलेत गं, उतरला वाटतं ताप." आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. गार लागत असेल म्हणून पोरीला कानटोपी घातली, वरून गोधडी टाकली. पाच-सात मिनिटं झाली असतील नसतील, गोधडी हलायला लागली. काढून बघतो तर पोर ताठ झालेली, डोळे वर गेलेले, दातखीळ बसलेली आणि दोन्ही हातपाय एका लयीत झटके देतायत. ओठांभोवती निळसर झाक.

बहिणीने किंचाळून तिला छातीशी घट्ट आवळलं. शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांनी चामड्याची चप्पल मागितली. आईने कांदा फोडला. आणि घरात सगळ्यांत जास्त शिकलेली म्हणून जिच्याकडे सगळे बघत होते ती मी स्वयंपाकघरातून स्टीलचा चमचा घेऊन आले आणि जीभ चावली जाऊ नये म्हणून तो तिच्या दातांत सरकवायला लागले. हिरडीतून रक्त आलं, नुकताच आलेला पुढचा दात हलला. झटके थांबायचे तेव्हा थांबले. पोरीने एक लांब श्वास घेतला, रडली, आणि अंग सैल सोडून झोपी गेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तपासता तपासता पहिला प्रश्न विचारला, "किती वेळ चाललं?" काकू म्हणाल्या, पंधरा मिनिटं. आई म्हणाली, अर्धा तास तरी. बहिणीच्या तोंडून शब्दच फुटत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "त्या वेळी कोणी फोन केला होता का?" दादाने केला होता. झटके सुरू झाल्याबरोबर त्याने रिक्षावाल्याला फोन लावला, तो १० वाजून ४१ मिनिटांचा. दुसरा फोन बहिणीच्या नवऱ्याला, १० वाजून ४३ मिनिटांनी, आणि त्या फोनवर त्याने पलीकडून लेकीचं रडणं ऐकलं होतं. म्हणजे सगळा प्रकार दोन मिनिटांचा, फार तर तीन. आम्हाला तो अर्ध्या तासाचा वाटला होता, आणि तेवढ्या वेळात आम्ही तिला जी इजा केली ती आकडीने केली नव्हती.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून भंडावलं. ज्या घरात पाच वर्षांखालचं मूल आहे त्या घरात हे आधीच ठाऊक असायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं. कारण वेळ आली की वाचायला सवड नसते.

पहिल्यांदा त्या गार हातपायांबद्दल. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग असतो, शरीराचं तापमान किती ठेवायचं हे तो ठरवतो. विषाणू किंवा जिवाणू अंगात शिरले की आपल्याच पांढऱ्या पेशी काही रसायनं सोडतात, त्यांच्यामुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि तापमानाचा हा काटा वर सरकतो. ९८.६ वर असलेला काटा समजा १०२ वर गेला. आता शरीराच्या हिशेबाने ९८.६ म्हणजे थंडी. मग उष्णता वाचवायची म्हणून हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, हुडहुडी भरते, स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. पोट आणि कपाळ तापलेलं पण तळवे गार, म्हणजे ताप चढतोय. उतरताना याच्या उलट होतं: घाम फुटतो, तळवे गरम आणि लालसर होतात. आई तळहातावरून ताप उतरल्याचं सांगत होती, तेव्हा तो चढणीला लागला होता. वर आम्ही गोधडी घालून उष्णता बाहेर जायची वाटही बंद केली.

हाताने ताप बघायची आपली सवय मोडणार नाही आणि मोडायची गरजही नाही, पण घरात थर्मामीटर असावा. डिजिटल मिळतो, स्वस्त मिळतो, पाऱ्याच्या थर्मामीटरसारखी फुटण्याची भीती नसते. काखेत नीट दाबून धरला, तो वाजेपर्यंत थांबलं, की झालं. काखेतलं तापमान आतल्या तापमानापेक्षा थोडं कमीच येतं. १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सियस, तिथून पुढे ताप धरतात. ९८.६ हा आकडा मात्र काही दगडावरची रेघ नाही. १८६८ साली जर्मनीत लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांच्या नोंदींवरून ३७ सेल्सियस हे सर्वसाधारण तापमान म्हणून मांडलं, तेच फॅरनहाइटमध्ये ९८.६. प्रत्यक्षात निरोगी मुलाचं अंगही सकाळी थोडं गार आणि संध्याकाळी थोडं गरम असतं. खेळून आलेल्या पोराच्या काखेत ९९ दिसलं म्हणून औषध पाजायचं कारण नाही.

आता आकडी. आपल्याकडे तापात आलेली आकडी, फिट, फेफरं, मिरगी हे सगळे शब्द एकाच गाठोड्यात बांधले जातात, आणि घोटाळ्याचं मूळ तिथेच आहे. मिरगी किंवा अपस्मार म्हणजे ताप नसताना पुन्हा पुन्हा झटके येण्याचा आजार. तापातली आकडी ही वेगळी गोष्ट आहे. साधारण सहा महिने ते पाच वर्षं या वयात, मेंदूला कसलाही संसर्ग नसताना, साध्या सर्दी-तापाच्या, कानदुखीच्या, जुलाबाच्या तापात येणारे झटके. दीड वर्षाच्या आसपास त्यांचं प्रमाण सर्वांत जास्त असतं. वाढत्या वयातल्या मेंदूच्या पेशी मोठ्यांच्या पेशींपेक्षा चटकन उत्तेजित होतात. तापमान वाढलं आणि तापातली ती रसायनं मेंदूत पोचली की काही मुलांमध्ये या पेशी एकदम, एका सुरात पेटतात. पाचव्या वर्षाच्या पुढे मेंदू पक्का होत जातो तसा हा कल ओसरतो.

काही घराण्यांत तो जास्त दिसतो. आईवडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कोणाला लहानपणी आकडी आली असेल तर मुलाला येण्याची शक्यता वाढते. आमच्याकडे हे कळलं ते नंतर, बहिणीच्या सासूबाईंनी सांगितलं तेव्हा, की जावयांनाही दोन वर्षांचे असताना "तसंच" झालं होतं. तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं. सांगत नाहीत, हेच दुखणं आहे. पुढे लग्नाच्या वेळी कोणी "फेफऱ्याचं घर" म्हणेल या धास्तीने तीस-तीस वर्षं ही गोष्ट झाकली जाते, आणि पुढच्या पिढीतल्या आईवर ती मध्यरात्री अचानक येऊन कोसळते.

युरोप-अमेरिकेत शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ही आकडी एकदा तरी येते. जपानमध्ये प्रमाण त्याहून जास्त, शंभरात सात-आठ. म्हणजे अंगणवाडीच्या एका वर्गात एखादं मूल असायचंच. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात बालकांना पीडणाऱ्या नऊ बालग्रहांचं वर्णन आहे, त्यांत ताप, ताठलेलं अंग, फिरलेले डोळे अशी लक्षणं येतात. इतक्या जुन्या काळापासून आया हेच बघत आल्या आहेत. कारण कळत नव्हतं तेव्हा ग्रहाला दोष दिला, ते समजण्यासारखं आहे.

"ताप मेंदूत गेला, आता डोकं अधू होणार" ही आपल्याकडची सर्वांत मोठी भीती. या भीतीचा शोध मोठ्या संख्येने मुलं घेऊन, वर्षानुवर्षं पाठपुरावा करून घेतला गेला आहे. अमेरिकेत कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी तापात झटके आलेल्या १,७०६ मुलांचा सात वर्षांची होईपर्यंत मागोवा घेतला आणि १९७६ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यातल्या साधारण शंभरात दोघांना पुढे अपस्मार झाला. आधीपासून निरोगी असलेल्या आणि साधी, थोड्या वेळाची आकडी आलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण शंभरात एकाच्या जवळपास होतं. मुलांची तुलना त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी केली तेव्हा बुद्धीत फरक आढळला नाही. ब्रिटनमध्ये १९७० साली एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांच्या मोठ्या गटातली अशी सुमारे चारशे मुलं दहा वर्षांची झाल्यावर तपासली. अभ्यासात, वागण्यात ती इतरांच्या बरोबरीची निघाली.

याच काळातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आकडी पुन्हा येऊ नये म्हणून एकेकाळी अशा मुलांना रोज फिनोबार्बिटोन दिलं जाई, दोन-दोन वर्षं. अनेक घरांत ते पांढऱ्या गोळीचं चूर्ण मधातून चाटवलं गेलं. १९९० साली अमेरिकेतल्या एका काटेकोर चाचणीत अर्ध्या मुलांना हे औषध आणि अर्ध्यांना औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. औषध घेतलेल्या मुलांचा बुद्ध्यांक सात-आठ अंकांनी खाली आला, आणि आकडी काही म्हणावी तशी थांबली नाही. ज्या नुकसानीच्या भीतीने औषध दिलं, ते नुकसान आकडी करत नव्हती, औषध करत होतं. आज साध्या तापाच्या आकडीसाठी रोजचं औषध देत नाहीत. साधी आकडी असेल आणि मूल नंतर टवटवीत असेल तर मेंदूचा आलेख, स्कॅन यांचीही गरज पडत नाही. कोणी आग्रहाने हे सगळं सुचवलं तर "कशासाठी?" असं विचारायला संकोचू नये.

मग त्या दोन मिनिटांत करायचं काय? आधी घड्याळ. भिंतीवरचं, मनगटावरचं, मोबाइलवरचं, कुठलंही, पण सुरुवातीची वेळ मनात किंवा मोठ्याने नोंदवायची. मुलाला मांडीवरून, पलंगावरून, मोरीच्या काठावरून काढून जमिनीवर, सतरंजीवर ठेवायचं आणि कुशीवर वळवायचं, म्हणजे लाळ किंवा उलटी गालावरून बाहेर वाहते, श्वासनळीत जात नाही. गळ्याजवळची गुंडी, कानटोपीची नाडी, गळ्यातला ताईत सैल करायचा. आजूबाजूचा पाटा, खुर्चीचा पाय, खेळणी बाजूला. डोक्याखाली एखादं घडी केलेलं दुपटं. एवढं झालं की हात मागे घ्यायचे. झटके देणारे हातपाय दाबून धरले तर झटके थांबत नाहीत, सांधा किंवा हाड मात्र दुखावतं.

तोंडात काहीही घालायचं नाही. चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही, औषध नाही, मध नाही, तीर्थसुद्धा नाही. जीभ गिळली जात नाही, ती तोंडाच्या तळाला बांधलेली असते. फार तर कडेला चावली जाईल, ते चार दिवसांत भरून येतं. तुटलेला दुधाचा दात श्वासनळीत अडकला तर मात्र जीव जाऊ शकतो. ज्यांनी चमचा धरला होता त्यांच्यापैकी मी एक आहे, म्हणून हे वाक्य मी जरा चढ्या आवाजातच लिहिते आहे. कांदा, चप्पल, हातात दिलेला किल्ल्यांचा जुडगा यांनी आकडी थांबल्यासारखी वाटते, कारण बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत थांबतातच, आणि त्याच वेळी कोणीतरी कांदा धरलेला असतो. कांदा हुंगवून मुलाला इजा होत नाही हे खरं, पण नाकातोंडाशी काही दाबून धरलं तर श्वास अडतो, आणि कांदा शोधणारा माणूस मुलाजवळून उठून जातो. कुठेकुठे अजूनही डाग देतात. तापलेल्या लोखंडाची ती खूण मुलाच्या अंगावर जन्मभर राहते.

घरात दुसरं कोणी असेल तर त्याने मोबाइलवर चित्रण करावं. बघायला क्रूर वाटतं, पण डॉक्टरांसाठी ते सोन्यासारखं असतं. दोन्ही बाजू सारख्या हलत होत्या की एकच हात, डोळे कुठल्या बाजूला वळले होते, शुद्ध होती की नव्हती, हे आपण सांगताना दहा चुका करतो. चित्र चुकत नाही.

घड्याळ बघायचं ते पाच मिनिटांसाठी. पाच मिनिटं होऊनही झटके चालू असतील तर आता ते आपोआप थांबतील अशी वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा किंवा जो जवळचा दवाखाना आहे तिथे निघायचं, वाटेतही मूल कुशीवर. दवाखान्यात पहिल्यांदा झटके थांबवणारं औषध देतात. हेच औषध, मिडाझोलम, नाकात मारायच्या फवाऱ्याच्या रूपात मिळतं. ज्या मुलांना आधी लांबलेली आकडी आली आहे किंवा ज्यांचं घर दवाखान्यापासून लांब आहे, त्यांच्या आईवडिलांना डॉक्टर वजनाप्रमाणे किती फवारे ते लिहून देतात आणि वापर शिकवतात. वाडीवस्तीवर राहणाऱ्या, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की वाट तुटणाऱ्या घरांनी ते जरूर मागून घ्यावं.

झटके थांबल्यावर मूल गुंगीत असतं, तासभर झोपतं, उठल्यावर किरकिरतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण पहिली आकडी असेल तर ती कितीही थोडी असो, त्याच दिवशी, त्याच रात्री डॉक्टरांना दाखवायचं. दाखवायचं ते आकडीसाठी कमी आणि तापाचं कारण शोधण्यासाठी जास्त. या लेखात मला सर्वांत गंभीरपणे सांगायचं आहे ते हेच. आकडी निरुपद्रवी असते तेव्हाही तिच्यामागचा ताप निरुपद्रवी असेलच असं नाही.

मेंदूज्वरातही ताप येतो, झटके येतात. फरक झटक्यात फारसा दिसत नाही, झटक्यानंतर दिसतो. मूल नीट जागं होत नाही, आईकडे बघत नाही, सतत उलट्या करतं, मान वाकवू देत नाही, लहान बाळाची टाळू फुगून टणक लागते, अंगावर दाबूनही न जाणारे लालसर-जांभळे ठिपके उमटतात, एकच हात किंवा पाय लुळा राहतो. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तापात आकडी आली तर ती "साधी" धरतच नाहीत. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला तर नुसता ताप आला तरी लगेच दाखवायचं. चोवीस तासांत दुसऱ्यांदा आकडी, शरीराच्या एकाच बाजूची आकडी, पंधरा मिनिटांहून लांबलेली आकडी, यांचीही तपासणी वेगळी होते. अशा वेळी डॉक्टर पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासायचं म्हणतात आणि नातेवाईक हमखास नकार देतात, "त्याने मूल लुळं पडतं" म्हणून. ते पाणी काढतात तिथे मज्जारज्जू नसतो, तो त्याच्या वरच संपलेला असतो. मेंदूज्वर वेळेत ओळखायचा तो खात्रीचा मार्ग आहे.

विदर्भातल्या घरांनी आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात १९६५ साली पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला, एक नवा विषाणू सापडला. त्याला त्या गावाचंच नाव मिळालं. अनेक वर्षं तो किरकोळ समजला गेला. मग २००३ च्या पावसाळ्यात आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला, १८३ दगावली, आणि त्यामागे हाच विषाणू निघाला. त्या वर्षी महाराष्ट्रातही मुलं आजारी पडली. २०२४ मध्ये गुजरातेत त्याने पुन्हा डोकं वर काढलं. मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलाव्यात वाढणारी, डासाहून बारीक वाळूमाशी तो पसरवते. दुपारी खेळणारं मूल, संध्याकाळी जोराचा ताप, रात्री उलट्या आणि झटके, पहाटे बेशुद्ध, इतक्या वेगाने तो चालतो. आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फॅल्सिपॅरमचा मलेरिया मेंदूपर्यंत जातो. तिथे ताप आणि आकडी म्हटलं की रक्ताची तपासणी आधी. आशाताईंच्या पिशवीत मलेरियाची तपासणी पट्टी असते, बोटाच्या एका थेंबावर वीस मिनिटांत कळतं.

ताप उतरवण्याच्या औषधाविषयी एक गैरसमज चांगल्या शिकलेल्या घरांतही असतो. दर सहा तासांनी पॅरासिटॅमॉल देत राहिलं, रात्रभर जागून ओल्या पट्ट्या ठेवल्या, म्हणजे आकडी टळते. टळत नाही. फिनलंडमध्ये पहिली आकडी येऊन गेलेल्या २३१ मुलांवर याची चाचणी झाली, २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ताप उतरवणारी औषधं घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांना पुढे आकडी येण्याचं प्रमाण सारखंच निघालं. हे कळलं तेव्हा बहीण रडली. "म्हणजे मी औषध द्यायला उशीर केला म्हणून नाही झालं?" नाही, त्यामुळे नाही झालं. बहुतेक आकड्या तापाच्या पहिल्या चोवीस तासांत येतात, आणि बऱ्याचदा तर घरच्यांना ताप आलेला कळायच्या आतच. एकाही आईने स्वतःला याचा दोष देऊ नये.

पॅरासिटॅमॉल द्यायचं ते मुलाला बरं वाटावं, दोन घोट पाणी-दूध जावं, झोप लागावी म्हणून. ताप १०१ असून पोर खेळत असेल तर बाटली उघडायची घाई नाही; १०० वर मलूल पडून असेल तर जास्त काळजी. मात्रा वयावर नाही, वजनावर: प्रत्येक किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत चार ते सहा तासांचं अंतर, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. आणि इथे बाटली हातात घेऊन नीट वाचायची. लहान बाळांच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. साध्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२५ असतं, दुसऱ्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये २५०. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचं तर थेंबांचं औषध दीड मिलिलिटर, पहिलं सिरप सहा आणि दुसरं तीन. थेंब संपले म्हणून त्याच ड्रॉपरने सिरप दिलं तर औषध पुरत नाही. उलट, सिरपच्या सवयीने ५ मिलिलिटरचं झाकण थेंबांच्या औषधाने भरलं तर एका घोटात ५०० मिलिग्रॅम, म्हणजे तिपटीहून जास्त. असं दोन दिवस झालं तर यकृताला इजा होते. सर्दीच्या अनेक मिश्र औषधांतही पॅरासिटॅमॉल असतंच, ती वेगळी दिली की मात्रा नकळत दुप्पट होते.

बाकी औषधांचं थोडक्यात. ॲस्पिरिन मुलांना नाही. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला भारतात २०११ पासून बंदी आहे, तरी घरातल्या मोठ्यांच्या गोळीचा तुकडा मोडून देणारे आहेत. आयब्युप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड डेंग्यूच्या दिवसांत स्वतःच्या मनाने मुळीच नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पट्ट्या ठेवायच्याच तर साध्या, कोमट पाण्याच्या, औषध दिल्यावर, आणि मुलाला हुडहुडी भरत नसेल तेव्हाच. बर्फाच्या पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आतली उष्णता आतच राहते. कपाळावर कोलन वॉटरच्या घड्या ठेवायची आपल्या आजीच्या पिढीची पद्धत मुलांसाठी सोडून द्यावी, त्यातला मद्यार्क त्वचेतून आणि वासातून बाळाच्या अंगात जातो. एक पातळ सुती अंगडं, खिडकी उघडी, पंखा मंद. कानटोपी, स्वेटर आणि गोधडी कपाटात.

एकदा आकडी आलेल्या तिघांतल्या एका मुलाला पुढच्या एखाद्या तापात ती पुन्हा येते. पहिली आकडी वर्षाच्या आत आली असेल तर दोघांतल्या एकाला. गंमत वाटेल, पण पहिली आकडी कमी तापात आली असेल तर पुन्हा येण्याची शक्यता जास्त. वारंवार येणाऱ्या मुलांना तापाचे पहिले दोन-तीन दिवस क्लोबाझाम देतात, तो निर्णय डॉक्टरांचा. रक्तात लोह कमी असलेल्या मुलांत आकडीचं प्रमाण जास्त दिसतं, आणि आपल्या देशात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या सदुसष्ट मुलांना रक्तक्षय आहे, म्हणून हिमोग्लोबिन तपासून लोहाचं औषध सुरू करणं कधीही चांगलंच. लस मात्र चुकवू नये. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीनंतर आठव्या ते चौदाव्या दिवसांत लाखामागे पंचवीस ते पस्तीस मुलांना तापातली आकडी येते, ती साधीच असते. खुद्द गोवर झाला तर हजारातल्या एखाद्या मुलाच्या मेंदूला सूज येते. आपल्याकडच्या पाचगुणी लशीतला हिब आणि न्यूमोकोकसची लस तर थेट मेंदूज्वरच टाळतात.

भाचीला दुसऱ्यांदा आकडी आली ती दोन वर्षांची असताना, भर दुपारी. घरात फक्त आई होती. बहीण दुकानात गेलेली, मी दोनशे किलोमीटरवर. आईनेच रात्री फोनवर सांगितलं. भाजी निवडत होती, पोर शेजारी ताटातले शेंगदाणे मोजत बसली होती, एकदम ताठ झाली. आईने आधी बोटाने तिच्या तोंडात शेंगदाणा आहे का बघितलं का, असं मी घाबरून विचारलं. "नाही गं," ती म्हणाली, "तूच सांगितलंयस ना, तोंडात बोट नको. कुशीवर वळवली, दाणे तोंडातून आपोआप गळाले. कांद्यांची टोपली शेजारीच होती, पण उठले नाही. तिच्या पाठीवर हात ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले." काटा चार आकड्यावरून पुढे सरकेपर्यंत पोर रडायला लागली होती. मग आईने थर्मामीटर लावला, १०१.२, आणि दोन्ही आकडे लिहून ठेवले. गेल्या महिन्यात गेले तेव्हा बघितलं: कॅलेंडरच्या त्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाच्या खाली, आईच्या थरथरत्या अक्षरात, "३.१८ ते ३.२०. ताप १०१.२. कुशीवर."